पैसा जिंकवतो की जिंकणाऱ्याच्या मागे धावतो?

निकालाच्या दिवशी एक वाक्य ठरलेलं असतं, "शेवटी पैसा जिंकला". मीपण कित्येक वर्षं हेच म्हणायचो, अगदी ठासून, आणि समोरचा लगेच मान डोलवायचा, त्यामुळे वाद वगैरे व्हायचाच नाही. मग कधीतरी डोक्यात किडा वळवळला की बाबा पैसा मिळाला म्हणून तो जिंकला, का जिंकणार असं दिसत होतं म्हणून सगळे पैसा घेऊन त्याच्या दारात गेले? शर्यतीत ज्या घोड्यावर जास्त पैसे लागतात तोच बरेचदा पुढे येतो, पण म्हणून लावलेल्या पैशांनी घोडा पळाला असं कोण म्हणतं!

मायकेल ब्लूमबर्गचं बघा ना. २०२० ला अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला उतरले, स्वतःच्या खिशातले १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त उडवले, आणि सगळीकडे जाहिराती लावून शेवटी पूर्ण जिंकलं काय तर अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधला अमेरिकेचा चिमुकला प्रदेश, नकाशात शोधावं लागतं ते. दुसऱ्या दिवशी माघार. त्याआधी २०१० ला मेग व्हिटमननी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी घरचे १४ कोटी डॉलर घातले आणि जेरी ब्राउनकडून हरल्या. २०१६ ला हिलरी क्लिंटनच्या प्रचाराचा खर्च ट्रम्पपेक्षा कितीतरी जास्त होता, पुढे काय झालं ते माहितीच आहे.

आता कोणी म्हणेल ही निवडक उदाहरणं झाली, बरोबर आहे, मलापण तेच वाटलेलं. पण स्टीव्हन लेविट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ ला एक भारी आयडिया केली. अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीत तेच दोन उमेदवार एकमेकांसमोर पुन्हा उभे राहिलेत अशाच लढती त्याने उचलल्या, म्हणजे माणसं तीच आणि खर्च मात्र वेगळा. खर्चाच्या फरकाने मतं किती हलली? फारच किरकोळ. त्याच्याही आधी गॅरी जेकबसन या राज्यशास्त्रज्ञाला दिसलं होतं की खुर्चीवर बसलेला काँग्रेस सदस्य जितका जास्त खर्च करतो तितकी त्याची मतं कमी भरतात, कारण सोपं आहे, खुर्ची हलायला लागल्याशिवाय कोण एवढा हात सैल सोडतो?

मग काय, पैशाचा विषय संपला? नाही हो, खरी गंमत इथून पुढे आहे.

जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ ला ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र करून पाहिले, की दारोदार जाऊन, फोन करून, जाहिराती दाखवून मतदाराचं मन बदलतं का. मुख्य निवडणुकीत सरासरी परिणाम जवळपास शून्य. पण पक्षांतर्गत उमेदवारीच्या लढतीत परिणाम दिसतो, कारण तिथे पक्षाची खूण बघून मत द्यायची सोय नसते, आणि नाव लोकांच्या कानावर पाडायला पैसा लागतोच. म्हणजे पैशाचं वजन शेवटच्या दिवशीपेक्षा कितीतरी आधी पडतं, मैदानात कोण उतरणार हे ठरतं तेव्हा. ज्या बाईला चार फोन करूनही कोणी देणगी दिली नाही आणि जिने फॉर्मच भरला नाही तिचा पराभव कुठल्या आकडेवारीत येणार सांगा? डिपॉझिटपण जप्त होत नाही बिचारीचं.

आणि दुसरं वजन पडतं निकालानंतर. याच दोघांचा अजून एक प्रयोग आहे, २०१६ ला छापून आला, तो माझा सगळ्यात आवडता. काँग्रेसच्या १९१ सदस्यांच्या ऑफिसांना एका संघटनेकडून भेटीची विनंती गेली. विषय तोच, येणारी माणसंपण तशीच, फरक एवढाच की काही ऑफिसांना सांगितलं "मतदारसंघातले नागरिक भेटायला येतायत" आणि काहींना सांगितलं "मतदारसंघातले देणगीदार येतायत". बस, एक शब्द. देणगीदार म्हटल्यावर वरिष्ठ माणूस स्वतः भेटायला बसायची शक्यता तिप्पट-चौपट झाली. नुसत्या नागरिकाला कोण भेटलं, तर बहुतेक वेळा खालचा एखादा कर्मचारी, वही घेऊन.

म्हणून तर मोठे देणगीदार एकाच घोड्यावर पैसे लावत नाहीत. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बॉण्ड, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायचे रोखे, रद्द केले, मग याद्या बाहेर आल्या, त्यात एकच कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या पक्षांना पैसे देताना दिसली. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्यांना पैसे देणाऱ्याला निवडणूक जिंकायचीय असं वाटतं का तुम्हाला? हा विम्याचा हप्ता आहे, सरकार कोणाचंही येवो फोन उचलला गेला पाहिजे.

खर्चावर मर्यादा घाला म्हणणाऱ्यांवर पण माझा थोडा राग आहे. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, चाळणीला झाकण लावून काय फायदा? ब्रिटनने उमेदवाराच्या खर्चाला १८८३ लाच लगाम घातला, तरी मोठ्या देणग्यांवरून वाद तिथे आजही पेटतातच.

त्यातल्या त्यात अमेरिकेतल्या सिॲटल शहरवाल्यांचं मला पटतं. २०१७ पासून तिथे शहराच्या निवडणुकीत नागरिकांना २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात, आवडेल त्या उमेदवाराला द्यायची, पैसे शहर देतं. यातून निकाल किती बदलतात यावर वाद घालत बसू आपण, पण निदान उमेदवाराला चार श्रीमंतांच्या ऑफिसबाहेर ताटकळण्यापेक्षा चारशे घरांची बेल वाजवणं परवडायला लागतं, आणि कधी नव्हे ते नुसता नागरिकसुद्धा देणगीदार म्हणून भेटीची वेळ मागू शकतो.