चिमूटभर मीठ

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत वॉटर प्युरिफायर विकायला एक चुणचुणीत मुलगा आला होता. पाण्यावरून ग्रुपवर आमची आधीच जुंपलेली, त्यामुळे खाली हॉलमध्ये वीस-पंचवीस जण जमलेच. त्यानं दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत सळ्या असलेलं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट झालं, मग गढूळ तपकिरी, वर तवंगासारखा फेस. दुसरा ग्लास नितळच्या नितळ. "हे पिता तुम्ही रोज," मुलगा म्हणाला. शेजारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला.

मी घरून मिठाची पुडी खिशात घालूनच आले होते. (हो, भांडायच्या तयारीनंच.) नितळ ग्लासात चिमूटभर टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि म्हटलं, "आता दाब बटण." तो म्हणाला, "मॅडम, त्यात काही टाकायचं नसतं." पण सगळे बघत होते, दाबावं लागलं. तोही ग्लास तपकिरी!

यात जादू काही नाही. सळ्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे वीज फारशी वाहत नाही आणि सळई शाबूत राहते. जी घाण बघून आम्ही हादरलो ती नळातून आलेली नव्हती, त्या मुलाच्या पिशवीतून आलेली होती.

आता हेही सांगते की आमचं पाणी जड आहे, आणि चांगलंच जड आहे. लॅबमधून तपासून घेतलं तर जडपणा लिटरला 340 मिलिग्रॅम आला. 60 च्या आत असलं तर मऊ म्हणतात आणि 180 च्या वर गेलं की खूप जड, यावरून काय ते समजा. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, काचेवर न निघणारे डाग, अंगाला लावलेला साबण फेसाळण्याऐवजी साका होऊन बादलीच्या कडेला चिकटतो. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणायचे. तेव्हा हसू यायचं, पण इतका नेमका शब्द दुसरा नाही. मागच्या महिन्यात गिझर उघडला तेव्हा कॉइल दिसतच नव्हती. अंड्याच्या कवचासारखा पांढरा, खरखरीत थर, बोटभर जाड. एक खपली काढून व्हिनेगरमध्ये टाकली तर बुडबुडे यायला लागले. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्या घराण्यातलं. पाण्यात बायकार्बोनेट म्हणून निमूट विरघळलेलं असतं, तापलं की खाली बसतं. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही.

त्रास खरा आहे, नाकारत नाही. गिझरवाल्याला दिलेले पैसे मलाही टोचतात. पण यातलं काहीही आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्याच्या जडपणाला आरोग्यासाठी म्हणून मर्यादा घातलेलीच नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच.

आमच्या ग्रुपवर मात्र सगळा न्याय टीडीएसच्या मीटरवर होतो. खिशातलं पेनासारखं मीटर नळाखाली धरायचं, आकड्याचा फोटो टाकायचा आणि खाली रडण्याचे इमोजी. अहो, ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज देतं. त्यातलं कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. एका विंगनं सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, बसवला तेव्हा हाच घोळ झाला. साबणाला फेस यायला लागला, पण मीटरचा आकडा तसाच राहिला. झालं, "फसवलं आपल्याला!" फसवलं कुणी नव्हतं. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं, क्षार काढून टाकत नाही. आमच्या 340 चा हिशेब केला तर लिटरला साधारण 156 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. अंघोळीला, कपड्यांना उत्तम. पण ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय त्यांनी पिण्यासाठी सॉफ्टनरच्या आधीचा नळ ठेवावा. हे ग्रुपवर लिहिलं तर दोन अंगठे आले.

आणि जे खरोखर बाधतं ते या मीटरला दिसतही नाही. अमेरिकेत फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नळ आतून गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. एवढ्यानं मीटरचा काटा काय हलणार! जंतूंचं तर विचारूच नका. 1854 मध्ये लंडनला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून कॉलरा पसरला, तेव्हा तिथून काही मैल लांब, हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्यात गेली. तिच्या आसपास कॉलरा नव्हता. त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज तिथून बाटली मागवायची. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोनं हे शोधून काढलं.

म्हणून मी क्लोरीन तपासायचं किट आणलं. थेंब टाकले की पाणी गुलाबी व्हायला हवं. बाहेरून पाणी येतं त्या मुख्य व्हॉल्व्हपाशी छान गुलाबी झालं. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या नळाला काहीच रंग नाही. म्हणजे पाणी येतं तोवर त्यात क्लोरीन असतं आणि आमच्याच आवारात ते संपतं. मग जंतूंसाठी मिळते ती छोटी बाटली भरून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळी पडलेली, म्हणजे पाण्यात जंतू असणार.

वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या झाकणाची एक कड वाकलेली, हात सहज आत जाईल एवढी फट, आणि आत पाण्यावर कबुतराचं पीस तरंगतंय. तळाशी हाताला लागेल इतका गाळ. टाकी शेवटची कधी धुतली, याची नोंद वॉचमनकडेही नव्हती आणि सेक्रेटरींकडेही. फोटो ग्रुपवर टाकलाय. खाली पहिला प्रश्न आला, "पण टीडीएस किती?"

सॉफ्टनरची तीन कोटेशनं आलेली आहेत. झाकणाचं एकही मागवलेलं नाही.