‘सगळे सेन्सर एकच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावातल्या उद्यमबाग, मच्छे ते होनगा, वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असे: प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की न शिवता ओळखणारा सेन्सर), लिमिट स्विच (दाबला गेल्याने चालू-बंद होणारा), लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, मधे हात आला की मशीन थांबवणारा) ही एकाच वस्तूची स्वस्त-महाग नावे. पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेसवर प्रॉक्सी बसवा, शेजारी मशीन थांबवायचे लाल बटण लावा, झाले. फारच वाटले तर लाइट कर्टन घ्या, तो कुठल्याही प्रेसला चालतो. मशीनच्या दाराला साधा लिमिट स्विच पुरे. खाली ‘पैसे वाचवा, पुढे पाठवा’.

आधी प्रॉक्सी. आपल्याकडे सर्रास वापरला जातो तो इंडक्टिव्ह. त्याला धातू दिसतो, तोही काही मिलिमीटरवरून. त्याच्यासमोर बोट नाचवले तरी त्याचा दिवा लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढे करून पाहिले असते तर पहिली ओळच लिहिली नसती. बरे, साधा फोटो सेन्सर लावला असे धरू. पीस मोजायला तो उत्तम. पण त्याची वायर तुटली किंवा आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला, तर ‘मार्ग मोकळा आहे’ असाच निरोप कंट्रोलला जात राहू शकतो. मोजणीत चूक झाली तर चार पीस कमी भरतील. इथे डायखाली, म्हणजे प्रेसच्या साच्याखाली, हात असतो.

म्हणून संरक्षक उपकरण घेताना पहिला प्रश्न हा, की ते स्वतः बिघडले तर मशीन थांबते का? टाइप 4 लाइट कर्टनला दोन वेगवेगळे आउटपुट असतात. मार्ग मोकळा असेल तोवरच ते चालू राहतात, आणि कर्टन स्वतःच त्यांना क्षणभर बंद करून तपासत असतो. एक अडकले तरी दुसरे मशीन थांबवते. पण त्यासाठी दोन्ही वायरी सेफ्टी रिलेत (दोन्ही आउटपुटवर लक्ष ठेवून मशीन तोडणाऱ्या रिलेत) जायला हव्यात. एकच वायर साध्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) दिलेली आणि दुसरी टेप गुंडाळून सोडून दिलेली, अशी पॅनेल आपल्या भागात शोधावी लागत नाहीत. कर्टनचे पैसे भरायचे आणि काम साध्या सेन्सरचे घ्यायचे, हा कसला हिशेब?

आता ‘कुठल्याही प्रेसला चालतो’. या मेसेजमधले सगळ्यात घातक वाक्य हेच. आपल्याकडे अजून कितीतरी जुने सी-फ्रेम प्रेस की-क्लचचे आहेत. पेडल दाबून क्लचची ‘की’ (खिट्टी) एकदा गुंतली, तर फ्लायव्हील पूर्ण फेरी मारूनच सोडते. मधे कर्टनने कितीही ओरडा केला तरी रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) खाली येणारच, कारण त्याला अर्ध्यावर सोडवायची सोयच नाही. कर्टन चालतो तो एअर क्लच-ब्रेक असलेल्या, म्हणजे रॅम मधेच थांबवता येणाऱ्या प्रेसवर. की-क्लचला बंदिस्त डाय किंवा बोल्टने घट्ट बसवलेले जाळीचे गार्ड हाच उपाय. त्यातही पट्टी सरकवायची फट मोजावी लागते. 8 ते 10 मिमी रुंद फट असेल तर ती धोक्याच्या जागेपासून निदान 80 मिमी लांब हवी.

एअर क्लचवरही कर्टन डायला चिकटवून चालत नाही. हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात. पडदा तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत 0.15 सेकंद लागत असतील तर 300 मिमी अंतर झाले. हे 14 मिमी जाडीची वस्तू, म्हणजे बोटही, ओळखणाऱ्या कर्टनचे. 30 मिमी जाडीपासून, म्हणजे फक्त हात, ओळखणारा स्वस्त कर्टन घेतला तर त्यात 128 मिमी वाढवायचे, म्हणजे 428. ब्रेकचे लायनर झिजले की थांबायचा वेळ वाढतो, हिशेब पुन्हा करायचा. विकणाऱ्याने थांबायचा वेळ न विचारताच कर्टन सुचवला, तर त्याच्याकडून घेऊ नका.

लाल बटणाबद्दल फार लिहायला नको. आयएसओ 13850 हे इमर्जन्सी स्टॉपचे आंतरराष्ट्रीय मानक ते पूरक उपाय मानते, गार्डच्या बदल्यात चालणारा नव्हे. हात अडकलेल्या माणसाने बटण कुठल्या हाताने दाबायचे?

दाराचा लिमिट स्विच आतून बसवला आणि दार बंद झाल्यावर दाबला जाणारा असला, तर दोऱ्याने बांधून ठेवता येतो. आतली स्प्रिंग तुटली किंवा कॉन्टॅक्ट चिकटले तर उघडतही नाही. दार उघडतानाच कॉन्टॅक्ट जबरदस्तीने ओढून तोडणारे स्विच मिळतात, त्यावर वर्तुळातल्या बाणाची खूण असते. वेगळी चावी लागणारा स्विच (दारावरची चावी आत गेली की दार बंद समजणारा) घेतलात तर जादा चावी सुपरवायझरच्या खणात ठेवू नका. ती दुसऱ्याच दिवशी स्विचमध्ये कायमची बसलेली दिसेल. कोडेड नॉन-कॉन्टॅक्ट स्विचला (न शिवता, आपला ठरावीक जोडीदारच ओळखणाऱ्या) सहज मिळणारी चुंबके फसवू शकत नाहीत, साध्या चुंबकी स्विचला फसवतात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी. लहान युनिटला नको तेवढा महागडा माल गळ्यात मारणारे आहेत. ब्लँकिंगच्या (पट्टीतून तुकडे कापायच्या) कामात, जिथे हात आत घालायचाच नाही, तिथे सेन्सरच लागत नाही. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेले गार्ड पुरते, फक्त ते पान्याशिवाय निघता कामा नये.