ग्लोब्युलिनला ९०४७१ लावू नका: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

मेडिकल कोडिंगवाल्यांच्या (रुग्णाच्या नोंदीवरून आजार, औषध आणि उपचारांचे कोड लावणाऱ्यांच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ऐरोली काय, हिंजवडी काय, अमेरिकी क्लेमवर (विम्याकडे जाणाऱ्या बिलांवर) काम करणाऱ्या नव्या मुलामुलींनी तो जपूनही ठेवलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इम्यून ग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं औषध) ही लसच आहे, म्हणून इंजेक्शन देण्याचा कोड ९०४७१; त्याऐवजी ९६३७२ (औषधाच्या इंजेक्शनचा कोड) लावला तर ते डबल बिलिंग; डायग्नोसिस झेड२३ (लसीकरणासाठीच्या भेटीचा कोड); आणि एक सिरिंज म्हणजे एक युनिट (बिलात औषध मोजायचं माप). चारही मुद्दे चुकीचे आहेत, पण प्रत्येक चुकीची किंमत वेगळी आहे.

पहिल्या मुद्द्यामागचा गोंधळ मला समजतो, कारण त्याला सीपीटीच्या (उपचार-प्रक्रियांच्या अमेरिकी कोडांच्या) पुस्तकाची मांडणीच जबाबदार आहे. ग्लोब्युलिनचे कोड ९०२८१ ते ९०३९९. ते संपले की लगेच ९०४६० ते ९०४७४ हे लस टोचण्याचे कोड येतात आणि त्यानंतर खुद्द लसींचे. वरून खाली वाचत आलं की वाटतं, ग्लोब्युलिन टोचण्याचा कोड हाच असणार. पण ९०४७१ च्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय की तो लस किंवा टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेल्या विषाची लस) देण्यासाठी आहे. ग्लोब्युलिनच्या कोडांच्या वरची सूचना कोणी वाचत नाही. ती सांगते की हे कोड फक्त औषधाचे आहेत. देण्याचं काम ९६३७२ किंवा (शिरेतून दिलं तर) ९६३६५ च्या घरातून वेगळं दाखवा.

“पण हे आजार टाळायलाच देतात ना?” असं मेसेज विचारतो. देतात की. ९६३७२ च्या वर्णनात उपचारासोबत प्रतिबंधासाठीचं इंजेक्शनही आहेच. फरक हेतूत नाही, औषधात आहे. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला लावते. ग्लोब्युलिनमध्ये दुसऱ्याच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी असतात. म्हणून तर कुत्रा चावल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही देतात: लसीचा परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, तोवर ग्लोब्युलिन किल्ला लढवतं. त्या दिवसाच्या क्लेमवर चार ओळी हव्यात. ९०६७५ ही लस आणि तिच्यासोबत ९०४७१. ९०३७५ हे ग्लोब्युलिन (ब्रँड हायपररॅब असेल तर) आणि त्याच्यासोबत ९६३७२. दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेशन एकत्र गेल्यामुळे एडिट (कोडांची जोडी अडवणारी तपासणी) लागलाच, तर ९६३७२ वर मॉडिफायर ५९ (दोन्ही कामं वेगळी असल्याची खूण) लागेल का ते पेयरच्या (विमा देणाऱ्याच्या) नियमांत बघा.

२०२३ मध्ये बाळांसाठी निर्सेव्हिमॅब (आरएसव्ही या श्वसनविषाणूपासून बचावाचं औषध) आलं. ते लसींच्या सरकारी योजनेतून मिळतं, लसीकरणाच्या वेळापत्रकात छापलं जातं, तरीही ते टोचायला ९०४७१ दिलेला नाही. ९६३८० आणि ९६३८१ असे वेगळे कोड काढले, कारण तीही तयार अँटिबॉडीच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं जरी पाहिलं असतं!

डबल बिलिंगच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, फक्त ते भलत्याच ठिकाणी लावलंय. औषधाचा कोड आणि टोचण्याचा कोड हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे नव्हेत. पण नर्सने फक्त इंजेक्शन दिलं असेल तर ९६३७२ सोबत ९९२११ (साध्या भेटीचा कोड) लावता येत नाही. इंजेक्शन हॉस्पिटलात दिलं असेल तर डॉक्टरच्या क्लेमवर ९६३७२ येत नाही, ते हॉस्पिटल लावतं. खरं डबल इथे होतं.

झेड२३ फक्त लसीच्या ओळीला. रेबीज ग्लोब्युलिनला झेड२९.१४, आरएच निगेटिव्ह मातेला दिलेल्या अँटी-डी ग्लोब्युलिनला झेड२९.१३, मात्र गर्भवतीच्या चार्टवर ओ-चॅप्टरच्या (गरोदरपणाच्या) कोडांचा मान आधी. सीआयडीपीच्या (नसांच्या एका दीर्घकालीन आजाराच्या) रुग्णाला शिरेतून ग्लोब्युलिन चालू असेल तर तो सरळ उपचार आहे, तिथे जी६१.८१. त्या क्लेमवर झेड२३ दिसला तर ऑडिटर हसेल आणि मग एरर मार्क करेल.

सगळ्यात महाग पडतो तो युनिटचा मुद्दा. अँटी-डीचा पूर्ण डोस ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक). रोगॅम हा ब्रँड दिला असेल तर जे२७९०, त्याचं एक युनिट म्हणजेच पूर्ण डोस, म्हणून १. रोफिलॅक हा ब्रँड दिला असेल तर जे२७९१, त्याचं एक युनिट १०० आययूचं, म्हणून १५. सिरिंज दोन्हीकडे एकच. मेसेजप्रमाणे गेलात तर रोफिलॅकच्या क्लेमवर औषधाचे पंधरातले चौदा भाग क्लिनिकने फुकट दिले. आणि हा क्लेम डिनाय होत नाही, निमूट पेड होतो, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

रेबीजचंही तेच. डोस वजनावर, किलोमागे २० आययू. साठ किलोच्या मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) पेशंटला १२०० आययू लागतात. ९०३७५ चं मेडिकेअरचं युनिट १५० आययूचं, म्हणजे ८ युनिट. १५०० आययूची वायल फोडली असेल तर उरलेले ३०० आययू वाया गेले: ९०३७५ ची आठ युनिटांची एक ओळ आणि जेडब्ल्यू (वाया गेलेल्या औषधाची खूण) मॉडिफायर लावून दोन युनिटांची दुसरी. तेच ९०० आणि ३०० च्या दोन वायल वापरल्या असतील तर काहीच उरत नाही. मग आठ युनिटांवर जेझेड (काहीच वाया न गेल्याची खूण), जो १ जुलै २०२३ पासून सक्तीचा आहे. कुठल्या वायल फोडल्या हे कोडरने अंदाजाने ठरवायचं नसतं. चार्टमध्ये वाया गेलेल्या औषधाची नोंद नसेल, तर जेडब्ल्यूची ओळ टाकण्याआधी प्रोव्हायडरला क्वेरी पाठवा.