वेव्ह पूलवरचा माझा भाचा आणि बुडालेले दोन उन्हाळे

परवा ताईकडे जेवायला गेले होते. टीव्हीवर फ्लोरिडातल्या ‘एपिक युनिव्हर्स’ या नव्या थीम पार्कची चित्रं दाखवत होते. युनिव्हर्सलने हे पार्क ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर केलं होतं, सुरू व्हायचं होतं 2023 ला. कोविड आला, 2020 मध्ये बांधकाम थांबवलं, मार्च 2021 मध्ये पुन्हा हाती घेतलं आणि 22 मे 2025 ला दरवाजे उघडले. दोन वर्षं उशीर झाला, पण पार्क झालं. भाचा जेवता जेवता म्हणाला, “मावशी, लोखंडाला थांबता येतं.” त्यानंतर माझा घास काही नीट उतरला नाही.

हा मुलगा एका वॉटर पार्कमध्ये लाइफगार्ड होता. पार्कचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एकट्या त्या पार्कची नाही. मार्च 2020 मध्ये ठेकेदाराचा फोन आला, “उद्यापासून येऊ नका, पुढचं कळवतो.” कामावरून काढल्याचं पत्र नाही आणि पगारही नाही. नुसतं “कळवतो” यावर दीड वर्ष गेलं.

बाहेरच्यांना वाटतं, पार्क बंद होतं तेवढे दिवस गेले, इतकंच. पण आपल्याकडे वॉटर पार्कची खरी कमाई परीक्षा संपल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतची. त्यानंतर पावसाळा रिकामा, मग दिवाळीची सुट्टी आणि हिवाळ्यातल्या शाळांच्या सहली. मी शिक्षिका आहे, सहलीचं बुकिंग वर्षानुवर्षं केलंय, त्यामुळे हे गणित जवळून माहीत आहे. पहिल्या टाळेबंदीने 2020 चा उन्हाळा खाल्ला, दुसऱ्या लाटेने 2021 चा. मधल्या हिवाळ्यात शाळाच धड भरत नव्हत्या, सहली कुठून जाणार? ऑक्टोबर 2021 मध्ये राज्याने परवानगी दिली तीही कोरड्या राईड्सना. पाण्यातल्या राईड्स मागेच राहिल्या, आणि भाच्याचं पोट नेमकं पाण्यावर होतं.

बरं, बंद पार्क फुकट पडून राहत नाही. राईडची गाडी अधूनमधून रिकामी फिरवावी लागते, ब्रेक आणि पट्टे तपासावे लागतात, नाहीतर आपल्या पावसात गंज चढायला वेळ लागत नाही. पूलचं पाणी फिल्टरमधून फिरवलं नाही की शेवाळ धरतं. विजेचं बिल आणि बँकेचे हप्ते चालूच. म्हणजे लोखंडाची काळजी घ्यायला कुणीतरी लागतंच, आणि तिच्यासाठी पैसा काढलाही जातो.

खोपोलीजवळचं इमॅजिका आठवा. 2013 मध्ये थीम पार्क, 2014 मध्ये वॉटर पार्क, 2016 मध्ये स्नो पार्क. विस्ताराचा वेग मोठा आणि मागे कर्जाचा डोंगर. कंपनी साथीच्या आधीच अडचणीत होती, कोविडने उरलासुरला श्वास काढून घेतला. बँकांनी कर्जाची नव्याने मांडणी केली आणि 2022 मध्ये मालकी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. आज तिथे पुन्हा गर्दी आहे, आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं. वंडरलाची पार्कंही त्याच काळात बंद होती. पण डोक्यावर कर्ज जवळजवळ नव्हतं, म्हणून ती कंपनी तगली आणि 2024 मध्ये भुवनेश्वरला नवं पार्क काढू शकली. साथ दोघांनाही तीच होती.

हे सगळं हिशेबात बसतं. बँका वाट बघतात, मालक बदलतात, आराखडे पुढे ढकलता येतात. हाँगकाँगमध्ये तर 2003 च्या सुरुवातीला डिस्नेलँडचं काम सुरू झालं आणि लगेच सार्सची साथ आली. तरी सप्टेंबर 2005 मध्ये पार्क उघडलं. सरकार स्वतः मोठं भागीदार होतं.

माणसांची वाट कोण बघतं? डिस्नेने सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या पार्क विभागातून 28,000 लोकांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ कामगार होते. जगातली सर्वांत श्रीमंत पार्क कंपनी, आणि कात्री लागली ती सगळ्यात कमी पगाराच्या टोकाला! तेव्हा फ्लोरिडातलं त्यांचं पार्क जुलैमध्येच उघडलं होतं आणि कॅलिफोर्नियातलं 30 एप्रिल 2021 पर्यंत बंद राहिलं. एकाच कंपनीचे कामगार, पण कोणाचं काम कधी सुरू होणार हे ते कोणत्या राज्यात राहतात यावर ठरलं.

मला हे चुकीचं वाटतं, आणि फक्त दयेपोटी नाही. वेव्ह पूलमध्ये लाट सुटली की शे-दोनशे डोकी एकदम वरखाली होतात. त्यात कोण मजेत ओरडतंय आणि कुणाच्या नाकातोंडात पाणी गेलंय, हे ओळखायला भाच्याला तीन सीझन लागले. ती नजर विकत मिळत नाही. पार्क पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याला फोन आला होता. तोवर तो पार्सल पोचवायच्या कामाला लागला होता, गाडीचा हप्ता चालू झाला होता. त्याच्या जागी नवी पोरं उभी राहिली. मी त्या वर्षी सहलीचं पत्रक बघत होते आणि मनात हाच विचार होता, की आमच्या मुलांवर आता कोणाची नजर असणार.

नव्या पार्कांना सरकार पर्यटन धोरणाखाली सवलती देतं, जरूर द्यावी. माझं म्हणणं एवढंच, की सवलतीच्या करारात एक अट घालावी. साथीमुळे सरकारी आदेशाने पार्क बंद झालं, तर ठेकेदाराकडच्या लाइफगार्ड आणि राईड ऑपरेटरसकट सगळ्यांना किमान सहा महिने अर्धा पगार मिळेल, एवढा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवलेला असावा. नवी राईड एक वर्ष उशिरा आली तरी चालेल. तुमच्यापैकी कुणी पार्कमध्ये काम केलं असेल, तर त्या दोन वर्षांत तुम्हाला काय मिळालं ते खाली जरूर लिहा. भाच्याला वाचून दाखवणार आहे.