ॲपच्या आकड्यानं ग्राहक फिरत नाही

मोबाईलची नवी ऑपरेटिंग सिस्टीम येणार असं कळलं की एक ठरलेला मेसेज फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. लाखो ॲप असल्याशिवाय ग्राहक येणार नाही. मायक्रोसॉफ्टला जमलं नाही ते कुणालाच जमणार नाही. यायचंच असेल तर फोन मातीमोल विकावा लागेल. आणि लोकांनी अँड्रॉइड नि आयफोन आपल्या मर्जीनं निवडलेत, तिसरं त्यांना नकोच आहे. हे वाचून चांगले डेव्हलपरसुद्धा उमेद सोडतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी मायक्रोसॉफ्ट, कारण सगळा मेसेज त्याच उदाहरणावर उभा आहे. जून २०१२ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की विंडोज फोन या आपल्या मोबाईल सिस्टीमसाठी एक लाख ॲप तयार आहेत. त्याच कार्यक्रमात तिची नवी आवृत्ती विंडोज फोन ८ दाखवली आणि सांगितलं, की आधीच विकलेल्या फोनना ती मिळणार नाही. याच सिस्टीमवरचा नोकियाचा लुमिया ९०० त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजारात आला होता. म्हणजे ज्यांनी नव्या सिस्टीमवर सगळ्यात आधी विश्वास टाकला, त्यांचा महागडा फोन अडीच महिन्यांत जुना ठरला. त्यांच्या वाट्याला आली ७.८ नावाची अर्धवट सुधारणा. कारण तांत्रिक होतं, सिस्टीमचा गाभा छोट्या उपकरणांसाठीच्या विंडोज सीईवरून संगणकावरच्या विंडोजच्या एनटी या गाभ्यावर न्यायचा होता. पण ग्राहकानं गाभा विकत घेतला नव्हता, कंपनीचा शब्द घेतला होता. पहिले ग्राहक हेच नव्या सिस्टीमचे खरे विक्रेते असतात. शेजारी, सहकारी, नातेवाईक त्यांनाच विचारतात, ‘कसा आहे रे फोन?’ विंडोज फोन पडण्यामागे गुगलनं त्यासाठी यूट्यूब ॲप न बनवणं वगैरे कारणंही होती, ती मी नाकारत नाही. तरी माझ्या मते सगळ्यात खोल जखम ही.

चीनच्या हुआवे कंपनीनं याच्या उलट केलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे नव्या फोनवर गुगलच्या सेवा देणं बंद झालं. मग २०२१ मध्ये हार्मनीओएस ही आपली सिस्टीम लोकांच्या हातातल्या जुन्या फोनवरच अपडेट म्हणून दिली, अँड्रॉइड ॲप चालू ठेवून. ती ॲप बंद करणारी हार्मनीओएस नेक्स्ट आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. चीनमध्ये गुगलच्या सेवा तशाही नसतात, हा फायदा मोठाच. पण आधीच्या ग्राहकाला सोबत घेऊन जाण्याची रीत कुणालाही उचलता येईल.

आता ॲप. ब्लॅकबेरी कंपनीच्या ब्लॅकबेरी १० या सिस्टीमवर अँड्रॉइड ॲप चालत, २०१४ मध्ये तर ॲमेझॉनचं ॲप स्टोअर फोनसोबतच आलं. तरी ती वाचली नाही. उलट फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांच्या फायरफॉक्स ओएस या सिस्टीमच्या पायावर उभी राहिलेली कायओएस बटणांच्या फोनवर कोट्यवधी लोकांपर्यंत पोचली. तिच्यावर मोजकीच ॲप होती, पण गुगल मॅप्स, यूट्यूब आणि २०१८ पासून व्हॉट्सॲप त्यांत होतं. रोज लागणारी दहा-पंधरा ॲप नीट चालली पाहिजेत, बाकीच्या लाखांशी बहुतेकांना देणंघेणं नसतं. खरी अडचण बँकेच्या ॲपची आहे. अनेक बँकांची ॲप गुगलच्या तपासणी सेवेला विचारतात, की हा फोन मान्यताप्राप्त आहे का. उत्तर ‘नाही’ आलं की पैसे पाठवणं थांबतं. ॲपचा आकडा फुगवण्याआधी नव्या कंपनीनं बँकांशी बोलावं.

स्वस्ताईचा दावा तर टिकतच नाही. ऑगस्ट २०११ मध्ये एचपीनं वेबओएस या आपल्या सिस्टीमवरचा टचपॅड नावाचा टॅबलेट ९९ डॉलरवर आणला आणि तो हातोहात संपला. सिस्टीम मात्र वाचली नाही, कारण ती उपकरणं बंद करत असल्याचं एचपीनं आधीच जाहीर केलं होतं.

राहिली ग्राहकांची मर्जी. जुलै २०१८ मध्ये युरोपीय आयोगानं गुगलला ४३४ कोटी युरो दंड ठोठावला. त्यातलं एक कारण असं: गुगलची ॲप आधीपासून टाकून हवी असतील, तर अँड्रॉइडच्याच, कुणालाही वापरता येणाऱ्या मोकळ्या कोडवरून बनवलेली, पण गुगलची मान्यता नसलेली सिस्टीम एकाही फोनवर विकायची नाही, अशी कंपन्यांवर अट होती. ॲमेझॉनच्या फायर ओएस या अशाच सिस्टीमवरचे फोन काही मोठ्या कंपन्यांना त्यामुळे आणता आले नाहीत, असं आयोगानं नोंदवलं आहे. जे दुकानात पोचलंच नाही ते लोकांनी नाकारलं, असं म्हणता येत नाही. या निकालानंतर गुगलनं युरोपपुरती ही अट सैल केली. फोन बनवणारा जोडीदार शोधणाऱ्या नव्या सिस्टीमनं पहिली बोलणी तिथेच करावीत, आणि पहिल्याच फोनच्या खोक्यावर अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळतील ते छापावं.