दीडशे टक्के जास्त, पण कशापेक्षा?

हेडलाइटच्या बल्बचं खोकं हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्यावर विजा चमकत असतात, एक निळसर झोत काळोख फाडत क्षितिजापर्यंत गेलेला असतो आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘१५० टक्के अधिक प्रकाश’ असं लिहिलेलं असतं. कशापेक्षा अधिक, ते मागच्या बाजूला बारीक टायपात. ते वाचण्याइतका उजेड आपल्या ट्रकला असता, तर दुकानाची पायरी चढायची गरजच पडली नसती.

तरी वाचलंच तर कळतं, की ही तुलना तुमच्या जुन्या बल्बशी नाहीच. नियमाने ठरवलेल्या किमान प्रकाशाशी आहे, आणि तीही झोतातल्या ठरावीक जागेपुरती. मान्यताप्राप्त हॅलोजन बल्बचे वॅट (खाल्लेली वीज) आणि ल्युमेन (दिलेला प्रकाश) दोन्ही बांधून दिलेले असतात. अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा एकाच काचेत असलेला बल्ब म्हणजे एच-४. १२ व्होल्टच्या एच-४ ला ६०/५५ वॅट. अप्परला साधारण १,६५० ल्युमेन, डिप्परला १,०००. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकला ७५/७० वॅट. १,९०० आणि १,२००. त्यात थोडं कमीजास्त चालतं, दीडपट-अडीचपट चालत नाही. या कुंपणाच्या आत राहून चांगल्या कंपन्या एवढंच करतात, की तार आखूड आणि घट्ट गुंडाळतात आणि जास्त तापवतात. झोत एका जागी दाट होतो, थोडा लांब पोचतो. फरक खरा आहे, मी नाकारत नाही. पण जास्त तापलेली तार लवकर मरते, आणि ही बातमी खोक्याच्या कुठल्याच बाजूला ठळक नसते.

शिवाय अंतराचा हिशेब निर्दयी आहे. दुप्पट लांबवर तितकाच उजेड पाडायचा तर चौपट प्रकाश लागतो. म्हणजे ३० टक्के प्रकाश खरोखर वाढला, तर १०० मीटरवर दिसणारा खड्डा ११४ मीटरवर दिसेल. चौदा मीटर कमी नाहीत; पण खोक्यावरचं क्षितिज जरा लांबच राहिलं.

मग निळे बल्ब. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. साध्या हॅलोजनचा उजेड साधारण ३,२०० केल्विनचा, पिवळसर. तो ‘पांढराशुभ्र’ करायला काचेवर निळा थर देतात, आणि तो थर पिवळा-तांबडा प्रकाश आतच अडवतो. निळा बल्ब घेणं म्हणजे पूर्ण पैसे मोजून थोडा माल दुकानातच ठेवून येणं. टोकाला निळी पट्टी असली तर हरकत नाही. अख्खा बल्ब निळा असला की तो सजावटीच्या खात्यात टाकावा.

‘मग १००/९० वॅटचा टाका की!’ असं सुचवणारा एक जण प्रत्येक गॅरेजमध्ये असतो. त्याला आदराने चहा पाजावा आणि विषय बदलावा. बहुतेक ठिकाणी हे बल्ब रस्त्यावर बेकायदा आहेत, तो भाग वेगळा. मुख्य म्हणजे जादा अँपिअर त्याच जुन्या बारीक वायरीतून जातात. आधी होल्डर मऊ होतो, मग स्विचला वास येतो, मग रिफ्लेक्टरची, म्हणजे दिव्यातल्या आरशाची, चकाकी करपते. आणि वायरीतच व्होल्टेज जास्त पडत असल्याने विकत घेतलेले सगळे वॅट बल्बपर्यंत पोचतही नाहीत.

मला खरा राग आहे तो या वायरीवर. खिसा हलका असेल तर पहिला पैसा बल्बवर घालूच नये. एक स्वस्त मल्टिमीटर घ्यावा. इंजिन चालू, दिवे चालू, बल्ब जागेवर. आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा, मग बल्बच्या होल्डरमागून टोकं टोचून बघा. २४ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर २८ आणि बल्बवर २५ मिळाले, तर दहा टक्के व्होल्टेज वाटेत सांडलं. उजेड मात्र दहा टक्क्यांनी कमी होत नाही. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून जातो तो जवळजवळ तीस टक्के! खोक्यावरचे दीडशे टक्के इथे या वायरीत झोपलेले असतात.

फरक १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा, २४ च्या गाडीत एका व्होल्टपेक्षा जास्त असेल तर चोर पकडायचा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर. मग मायनस ते मायनस. ज्या बाजूला आकडा मोठा, तिकडे चोरी. बहुतेकदा अर्थचा, म्हणजे मायनस वायर गाडीच्या लोखंडाला जोडणारा, बोल्टच गंजून बसलेला असतो. तो सोडवून, खालचा रंग-गंज घासून उघड्या लोखंडावर घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. याला पॉलिशपेपरचा एक तुकडा लागतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही.

प्लसची बाजू गळत असेल तर रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. त्याला तो फेरफटका मारू देऊ नये. अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले. ३० नंबरच्या पिनला बॅटरीची जाड वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ: १२ व्होल्टला १५ अँपिअरचा, २४ ला १० चा. दोन बॅटऱ्यांच्या ट्रकमध्ये रिलेही २४ व्होल्टचाच, आणि वायर दोन्हींच्या मधल्या जोडावरून घ्यायची नाही. १२ व्होल्टचा बल्ब २४ वर लावला तर तो आयुष्यातला सगळा उजेड एका क्षणात देऊन मोकळा होतो. नव्या गाड्यांत जिथे दिवे संगणक सांभाळतो, तिथे मात्र वायर कापायला जाऊ नये.

एलईडीबद्दल लोक हळवे असतात, म्हणून थोडक्यात. एच-४ मध्ये डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेला. तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप बसवल्या की झोताची शिस्त जाते. बंपरपुढे लख्ख पांढरं पटांगण पडतं, त्याने आपली बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. समोरून येणारा मात्र आपल्या सात पिढ्यांची आठवण काढतो. ‘२०,००० ल्युमेन’ वाचलं की वॅट विचारा. वॅटला शंभराने गुणलं तर ढोबळ अंदाज येतो. वीस हजारांना २०० वॅट लागतील, आणि एवढी उष्णता बोटभर पंखा बाहेर फेकू शकत नाही.

हेडलाइटची पुढची काच प्लास्टिकची असेल आणि पिवळी पडली असेल, तर ८००, १५००, ३००० असा पाण्याचा पॉलिशपेपर, मग पॉलिश आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप. लेप टाळला तर काही महिन्यांत पुन्हा कावीळ. टूथपेस्टने घासणाऱ्यांच्या काचेला वास छान येतो. खऱ्या काचेला पॉलिशपेपर लावू नका. आतल्या रिफ्लेक्टरला तर फडकंही नको. चकाकी फडक्यावर येते. ती आधीच उडालेली असेल, तर दिवाच बदलावा लागतो.

यानंतर बल्ब. मोठ्या ट्रकसाठी मी टक्क्यांपेक्षा हादरे सोसणारी मजबूत तार बघेन. तेवढ्याच वॅटला २४ व्होल्टची तार बारीक असते, म्हणून खड्ड्यात तीच आधी तुटते. गोलात ‘ई’ आणि आकडा ही मान्यतेची खूण शोधा. जोडीने बदला. काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर बोटाचं तेल तिथेच जळून काच बिघडवतं. एच-४ चे तिन्ही कान खाचेत नीट बसले आणि स्प्रिंग अडकली की फोकस बघायचा. सपाट जागा, टायरात हवा बरोबर, १० मीटरवर भिंत. डिप्परची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा १० ते २० सेंटिमीटर खाली हवी. झोत किती झुकवायचा याचा नेमका टक्का बहुधा दिव्यावर किंवा जवळच्या पट्टीवर छापलेला असतो, १ टक्का म्हणजे १० सेंटिमीटर. हे गाडी रिकामी असताना, केबिनमधलं उंची बदलायचं बटण शून्यावर ठेवून करायचं. माल भरला की मागचं बसतं, नाक वर उठतं आणि दिवे झाडांवरची घरटी मोजायला लागतात; तेव्हा तेच बटण फिरवून झोत खाली आणायचा.