चढताना दम, उतरताना मांड्या

जिममध्ये शिरल्याबरोबर समोर ट्रेडमिलची रांग असते, वजनं मात्र आत कोपऱ्यात. त्यामुळे बरीच वर्षं व्यायाम सोडलेला माणूस आधी चाळीस मिनिटं पळतो आणि मग निथळत स्क्वॉटकडे, म्हणजे वजन घेऊन मारायच्या उठाबशांकडे वळतो. घाम दिसला की फी वसूल झाल्यासारखं वाटतं, हे मलाही मान्य आहे. पण दमलेल्या पायांनी स्क्वॉट मारताना गुडघे एकमेकांकडे झुकतात, कंबर गोल होते, आणि खाली गेलेले गृहस्थ वर कधी येणार याकडे अख्ख्या जिमचं लक्ष लागतं. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करावं, मग वजनं घ्यावीत आणि पळापळ शेवटी ठेवावी.

एवढ्यात शेजारच्या बेंचवरून ज्ञान येतंच : 'काका, कार्डिओ नका करू, मसल खातं.' (कार्डिओ म्हणजे पळणं-चालणं असा दमसासाचा व्यायाम. ज्यांच्याकडे खाण्याजोगं मसल नाही त्यांनाच हे आवर्जून सांगतात.) या भीतीमागे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. १० आठवडे एक गट फक्त वजनं उचलत होता, दुसरा फक्त दमसासाचा व्यायाम करत होता, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद आधी छान वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत अडली आणि थोडी घसरलीही. मात्र ही मंडळी आठवड्यातले ५ दिवस वजनं आणि ६ दिवस दमसास असा रतीब घालत होती. आपण लागोपाठ तीनदा गेलो तरी सोसायटीत बातमी होते. तेव्हा ती काळजी तूर्त नको.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. माझ्या मते सोमवारी आणि गुरुवारी वजनं आणि बाकीच्यांतले चार दिवस ४०-४० मिनिटं भरभर चालणं एवढ्यात हिशेब बसतो. एक दिवस उरतो, तो खरोखर उरू द्यावा. चालण्याचा वेग किती? बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती हे सांगणारं २२० वजा वय हे सूत्र घड्याळवाल्यांचं लाडकं आहे, पण त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज निघते.

वजनांत स्क्वॉट, वाकून उचलायचा एक प्रकार, बेंचवर हात टेकून पुशअप, एका हाताचं रोइंग (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) आणि प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं) पुरे. प्लँक सोडून प्रत्येकी दोन सेट, दहा-दहा रेप्स (म्हणजे आवृत्त्या), आणि थांबताना अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. जिममधला मुलगा 'चला काका, अजून दोन!' म्हणतो. नेमके तेच दोन शिल्लक ठेवायचे असतात.

खरी गंमत वजन वाढवताना होते. बऱ्याच जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोंनी वाढतात. वीसवरून साडेबावीस ठीक आहे, पण पाचवरून साडेसात म्हणजे एकदम दीडपट. खांद्याला हे गणित कळतं, आपल्याला नाही. त्यामुळे हलक्या डंबेलवर आधी पंधरा रेप्सपर्यंत जावं, मगच पुढची जोडी उचलावी.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापर लोक लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. ते बिचारं तासाभरात साफ झालेलं असतं. दुखतं ते स्नायू ताणला जात असताना भार पेलल्यामुळे, म्हणूनच पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. आणि ते दुखणं कळस गाठतं एक ते तीन दिवसांनी, शक्यतो देशी पद्धतीच्या संडासात. डंबेल हळूहळू खाली आणण्याचाही तोच परिणाम, म्हणून पहिले दोन आठवडे सेट कमीच बरे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र सावध राहावं. दम लवकर सुधारतो, जुनी ताकदही बऱ्यापैकी परत येते. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सरकारी गतीने महिनोन्‌महिने घेतात. छाती म्हणते, पाच किलोमीटर पळूया. पळून झाल्यावर टाचेमागची शीर चार दिवसांनी तक्रार दाखल करते. पळायचंच असेल तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू करावं आणि ज्या दिवशी पायांची वजनं असतील त्याच्या दुसऱ्या दिवशी तेही टाळावं.

लग्नसराईत दोन आठवडे खंड पडतोच. त्यात ताकद फारशी जात नाही, दम मात्र लगेच उतरतो. परतल्यावर वजनं दहा टक्के कमी घ्यावीत, चालण्याचा वेग त्याहून कमी ठेवावा, आणि जिलेब्यांचा हिशेब एका सकाळी ट्रेडमिलवर चुकता करायला निघालेल्या काकांच्या शेजारची ट्रेडमिल घेऊ नये, कारण ते थांबेपर्यंत आपल्यालाही थांबवत नाही.